स्कॅटरगुड: भाग्य उजळलेली एक शिवी

लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळ, पॅसिफिक महासागराच्या काठावर, एक मोठे वीजनिर्मिती केंद्र आहे. त्याचे नाव स्कॅटरगुड. त्या शहराची नगरपालिकेची वीजयंत्रणा उभी करण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या एझ्रा स्कॅटरगुड या अभियंत्याच्या नावावरून ते ठेवलेले आहे. आजच्या इंग्रजी कानाला हे नाव मोठे गोड वाटते. जणू चांगुलपणा पेरत जाणारा कुणी सज्जन. पण राणी एलिझाबेथच्या, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या पहिल्या एलिझाबेथच्या, काळातला एखादा लंडनकर त्या फाटकासमोर उभा राहिला तर पोट धरून हसेल. त्याच्या लेखी तिथे लिहिलेले असेल: 'उधळ्या वीज केंद्र'. तेही वीज जपून वापरा म्हणून सांगणाऱ्या सरकारी खात्याचे!

स्कॅटरगुड ही इंग्रजीतली उधळ्या माणसासाठीची जुनी शिवी आहे. सामान्य नाम म्हणून ती 1570 च्या दशकापासून लिखाणात दिसते, आडनाव म्हणून त्याहून तीनशे वर्षे आधीपासून. म्हणजे आधी माणसांना चिकटली आणि मग कोशात आली. शिव्यांचा प्रवास बहुधा असाच असतो. गावाने ठेवलेले नाव लिहून काढायला विद्वान नेहमीच उशिरा पोहोचतात.

शब्दाचे दोन तुकडे आहेत. पहिला 'स्कॅटर', म्हणजे विखुरणे, उधळणे. धान्य विखुरते, पाखरे उधळतात, ढग पांगतात, म्हणून हे क्रियापद मुळात शेतातले किंवा आभाळातले असेल असे आपण सहज धरून चालतो. पण इंग्रजी लिखाणात ते सर्वांत आधी सापडते ते पैशांच्या संदर्भात. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठात भिक्षू वर्षावार बखर लिहीत असत. तिच्यातल्या 1137 सालच्या नोंदीत राजा स्टीफनची हकीकत येते. मामा पहिला हेन्री 1135 मध्ये वारला, भरलेली तिजोरी मागे ठेवून गेला, आणि भाच्याने तो खजिना वाटून वाटून मूर्खासारखा उधळला, अशी तक्रार त्या भिक्षूने केली आहे. तक्रार करताना त्याने जे क्रियापद वापरले ते हेच. आयता वारसा, अक्कल कमी, हात सैल. इंग्रजीतल्या उधळ्यांची अख्खी जन्मकुंडली त्या नोंदीत आधीच मांडलेली आहे, आणि पहिला उधळ्या खुद्द राजाच निघाला. बरे, हा शेरा लिहायची हिंमत झाली तीही राजा गेल्यावर. 1132 ते 1154 या वर्षांच्या नोंदी एकाच हाताने, 1154 मध्ये स्टीफन वारल्यानंतर मागाहून लिहिल्या गेल्या.

दुसरा तुकडा 'गुड'. खरी गंमत इथे आहे. त्या काळात हे नाम एकवचनी होते आणि त्याचा अर्थ मालमत्ता, चीजवस्तू असा होता. पुढे या अर्थाने फक्त अनेकवचन उरले, शेवटी 's' लागलेले. मालगाडीला 'गुड्स ट्रेन' आणि करांपैकी एकाला 'गुड्स अँड सर्व्हिसेस टॅक्स' म्हणताना आपण तेच अनेकवचन वापरतो. एकवचनात तो शब्द केवळ 'चांगले' या अर्थाला मोकळा झाला. स्कॅटरगुड मात्र जुन्या एकवचनातच गोठून राहिला. परिणाम असा, की 'चीजवस्तू उधळणारा' हा वाचता वाचता 'चांगुलपणा पसरवणारा' झाला. शब्दात एक अक्षरही बदलले नाही. आजूबाजूचे व्याकरण सरकले आणि शिवीचा आशीर्वाद झाला.

क्रियापद आधी आणि कर्म नंतर, अशी ही बांधणी इंग्रजीत तशी परकी. मूळच्या इंग्रजी समासात कर्म आधी येते. ही उलटी ठेवण 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या सहवासात बळावली असे मानतात, आणि पाहता पाहता ती टिंगलीचा कारखाना बनली. पिकपॉकेट, कटथ्रोट, टर्नकोट, किलजॉय, स्पॉइलस्पोर्ट: यातला एकही शब्द कौतुकाचा नाही. आपल्याकडे खिसेकापू, आगलाव्या, लाळघोट्या यांत कर्म पुढे आणि करणी मागे, पण काम तेच. उधळमाणक्या मात्र इंग्रजी वळणावर जाऊन उधळणे आधी सांगतो.

याच साच्यातून मध्ययुगात आडनावेही पडली. शेक्सपिअर म्हणजे भाला हलवणारा. ब्रेकस्पिअर म्हणजे भाला मोडणारा. या आडनावाचा निकोलस 1154 मध्ये चौथा एड्रियन या नावाने पोप झाला, आणि आजवरचा एकमेव इंग्रज पोप तोच. ड्रिंकवॉटर म्हणजे पाणी पिणारा. भर बिअरच्या देशात हे कौतुक होते की टोमणा, कोण सांगणार? मेकपीस म्हणजे तंटा मिटवणारा. कोलकात्यात 1811 मध्ये जन्मलेल्या कादंबरीकार थॅकरेचे मधले नाव हेच. ही नावे कोणी हौसेने घेत नसे. शेजारीपाजारी ठेवत, आणि करवसुली किंवा कोर्टाच्या कागदात ती एकदा चढली की नातवंडा-पतवंडांच्या मागे लागत. एका स्कॅटरगुडने पैसे उडवले असतील, पण नाव भोगले त्याच्या काटकसरी वंशजांनी.

अर्थात पहिल्या स्कॅटरगुडने पैसे चैनीत उडवले की गोरगरिबांना वाटले, हे नावावरून कळायला मार्ग नाही. बायबलच्या स्तोत्रांतल्या पुण्यवान माणसाचे वर्णनही, तो आपले धन विखुरतो आणि गरिबांना देतो, असेच आहे. गावात एखादा सढळ हाताचा दाता असेल आणि शेजाऱ्यांनी त्याला थट्टेने हे नाव दिले असेल, हेही अशक्य नाही. दान आणि उधळण यांतला फरक बहुतेक वेळा पाहणाऱ्याच्या खिशावर ठरतो. तरी मला स्वतःला टोमण्याचाच अर्थ जास्त खरा वाटतो. साच्याची बहुतेक भावंडे टवाळ असताना हाच एक संत कसा निघेल?

सोळाव्या शतकात या शब्दाला भावंडेही भरपूर मिळाली. 1550 च्या दशकात 'स्पेंडऑल' दिसतो, म्हणजे सगळेच खर्चून टाकणारा. पुढच्या दशकात 'डिंगथ्रिफ्ट', म्हणजे आपल्या पुंजीला बदडून काढणारा. 'डिंग' म्हणजे जोरात हाणणे. हा शब्द गेला याचे मला फार वाईट वाटते. मग स्कॅटरगुड, आणि 1600 च्या आसपास ज्याने या सगळ्यांना मागे सारले तो 'स्पेंडथ्रिफ्ट'. आज इंग्रजीत उधळ्याला हाच शब्द चालतो.

आणि तो पहिल्या भेटीत सगळ्यांना गोंधळात पाडतो. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर. नोकरदारांच्या पतसंस्थांच्या पाट्यांवर 'थ्रिफ्ट अँड क्रेडिट सोसायटी' आपण वाचलेले असते. मग काटकसरीचे नाव पोटात घेऊन हा शब्द उधळ्याचा कसा? त्याचे उत्तर उत्तरेच्या समुद्रापलीकडे आहे. थ्रिफ्ट हा शब्द व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. 'थ्राइव्ह' म्हणजे भरभराटणे, फोफावणे, या क्रियापदाचा तो सख्खा. आधी त्याचा अर्थ भरभराट, मग भरभराटीतून साठलेली संपत्ती, नफा, पुंजी. शेक्सपिअरचा शायलॉक आपल्या व्यापारी कमाईला थ्रिफ्ट म्हणतो तो याच अर्थाने. पुंजी साठते ती हात आखडल्यामुळे, म्हणून शब्द हळूहळू परिणामावरून कारणाकडे सरकला आणि काटकसर होऊन बसला. स्पेंडथ्रिफ्टमध्ये मात्र जुना अर्थ कोंडलेला राहिला: पुंजी खर्चून टाकणारा. स्पेंडथ्रिफ्ट आणि स्कॅटरगुड, दोन्ही शब्दांच्या उत्तरार्धाचा अर्थ काळाने बदलला. एक त्यामुळे कोड्यात पडला, दुसऱ्याचे नशीब उजळले.

जुना, फोफावण्याचा अर्थ एका फुलानेही जपला आहे. ब्रिटनच्या समुद्रकड्यांवर, खारे वारे खात, मूठभर मातीत तग धरणारे गुलाबी गोंड्यांचे एक झुडूप असते. त्याचे नाव थ्रिफ्ट. 1937 मध्ये सहाव्या जॉर्ज राजाचे नवे नाणे निघाले. तीन पेन्सचे, पितळी, बारा बाजूंचे. त्याच्या मागच्या बाजूला हे झुडूप कोरले होते. पैशावर थ्रिफ्ट! मॅज किचनर या शिल्पकर्तीच्या रेखाटनातून ते आले. सरकारी टांकसाळीने शब्दावर केलेली इतकी चोख कोटी दुसरी मला माहीत नाही. 1952 पर्यंत ही नाणी पडत राहिली. इंग्रज मुले ती कोटी खिशात घेऊन हिंडत होती, आणि गोळ्या-चॉकलेटांवर खर्चतही होती.

उधळ्यांचा आणखी एक शब्द धर्मातून आला: 'प्रॉडिगल'. येशूच्या दाखल्यातला धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, दूरदेशी जाऊन ती उडवतो, डुकरे राखायची पाळी येते आणि तो बापाकडे परततो. मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट 'उधळ्या पुत्राचा दाखला' म्हणूनच सांगतात. मौज अशी, की 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात गोष्टीच्या मजकुरात प्रॉडिगल हा शब्द नाही. तो आहे अध्यायावरच्या सारांशात. शब्द लॅटिन, सामान्य वाचकाला अनोळखी, आणि गोष्टीतला लक्षात राहणारा भाग म्हणजे मुलाचे परत येणे. त्यामुळे आज कित्येक इंग्रजी भाषक प्रॉडिगलचा अर्थ 'घरी परतलेला' असाच समजतात. निम्मी वर्तमानपत्रे परदेशातून परतलेल्या खेळाडूला बिनदिक्कत प्रॉडिगल म्हणतात. त्याने दमडी उडवलेली नसते. मराठीत ही पंचाईत झाली नाही, कारण उधळ्या म्हणजे काय हे आपल्याला शाळेत शिकवावे लागत नाही.

हाडामासाचा स्कॅटरगुड पाहायचा असेल तर श्रॉपशरच्या जॉन मिटनकडे जावे. जन्म 1796. वडील तो दोन वर्षांचा असताना गेले, त्यामुळे सज्ञान होईपर्यंत इस्टेटीचे उत्पन्न साठत राहिले. हातात आले तेव्हा वर्षाला 10,000 पौंडांची मिळकत होती. 1819 मध्ये त्याने श्रूझबरीतून निवडणूक लढवली ती मतदारांना 10 पौंडांच्या नोटा वाटून. जिंकला, पार्लमेंटात गेला, अर्धा तास बसला, कंटाळला आणि पुन्हा फिरकला नाही. एकदा जेवणाच्या मेजवानीत अस्वलावर बसून आला. कारभाऱ्याने हात जोडून सांगितले, की सहा वर्षे वर्षाला 6,000 पौंडांत भागवा, इस्टेट वाचेल. एवढ्याशा पैशांत जगण्यात अर्थ नाही, असे त्याचे उत्तर. सावकारांना चुकवून तो फ्रान्सला कॅलेमध्ये पळाला. तिथे एका रात्री उचकी लागली, तर ती घाबरवून घालवण्यासाठी स्वतःच्या अंगातल्या शर्टाला मेणबत्तीने आग लावली. उचकी थांबली म्हणतात. 1834 मध्ये लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात, कर्जबाजारी म्हणून, तो वारला. वय 37.

असल्या माणसांचे करायचे काय, हा प्रश्न कायद्याला फार जुना आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्यातल्या रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात वडिलोपार्जित मालमत्ता उडवणाऱ्याकडून व्यवहाराचा हक्क काढून घेत आणि त्याच्यावर नातलगांतला पालक नेमत. वेड्यासाठीही तीच तजवीज होती. चित्रकार विल्यम हॉगार्थने 1730 च्या दशकात कंजूष बापाच्या उधळ्या मुलाची आठ चित्रांची मालिका काढली. तिच्यातही नायक आधी कर्जदारांच्या तुरुंगात आणि शेवटच्या चित्रात लंडनच्या बेडलम वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. रोमन कायदेपंडितांनी मान डोलावली असती. अमेरिकेने नंतर जास्त व्यवहारी वाट काढली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 1882 मध्ये मान्य केले, की वारस उधळा असेल तर बापाने पैसा विश्वस्तांच्या ताब्यात असा ठेवावा, की मुलालाही तो आगाऊ विकता येऊ नये आणि त्याच्या सावकारांनाही ओरबाडता येऊ नये. या व्यवस्थेचे अधिकृत नावच 'स्पेंडथ्रिफ्ट ट्रस्ट'. वकिलाच्या कचेरीत मुलादेखत हे नाव उच्चारताना बापाला काय वाटत असेल कोण जाणे.

पण उधळ्यांची बाजू मांडणारेही होते, आणि ते कच्चे नव्हते. चौदाव्या शतकाच्या मध्यात एका अनामिक कवीने 'विनर आणि वेस्टर' नावाचे दीर्घकाव्य लिहिले. एक कमावून साठवणारा, दुसरा उडवणारा, दोघे आपापले सैन्य घेऊन राजासमोर भांडतात. उडवणाऱ्याचा मुद्दा आजच्या अर्थमंत्र्यालाही सोडून देता येणार नाही: तू कोठारात कुजवत ठेवतोस, मी खर्च करतो म्हणून गरिबाच्या पोटात जाते. राजा कोणालाच हाकलून देत नाही. साठवणाऱ्याला रोमला पोपकडे धाडतो, उडवणाऱ्याला लंडनच्या चीपसाइड बाजारपेठेत. आणि निवाडा पुरा होण्याआधीच कविता तुटते. काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे आणि तिचा शेवट गेलेला आहे.

निवाडा पुढच्यांनी पुरा करायचा प्रयत्न केला. लंडनमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या बर्नार्ड मँडव्हिल या डच माणसाने 1705 मध्ये मधमाश्यांच्या पोळ्याचे एक रूपक लिहिले. माश्या चैनी, उधळ्या, लबाड, आणि पोळे भरभराटलेले. मग त्या सद्गुणी होतात, खर्च थांबतो आणि पोळे ओस पडते. पुढे त्याने त्याचे पुस्तक केले, तेव्हा 1723 मध्ये मिडलसेक्सच्या ज्यूरीने ते समाजाला उपद्रवी ठरवले. दोन शतकांनी, 1936 मध्ये, जॉन मेनार्ड केन्सने आपल्या गाजलेल्या अर्थशास्त्रीय ग्रंथात याच मँडव्हिलला मानाने बोलावले. सगळ्यांनीच एकदम हात आखडले तर सगळ्यांचेच उत्पन्न घटते आणि बचतही वाढत नाही, हे त्याचे म्हणणे पुढे 'काटकसरीचा विरोधाभास' म्हणून प्रसिद्ध झाले. हा केन्स नोकरीला लागला तो लंडनच्या इंडिया ऑफिसात, आणि त्याचे पहिले पुस्तक, 1913 चे, हिंदुस्थानच्या चलनावर आहे.

आता आडनावाकडे. ही शिवी अमेरिकेत जाऊन क्वेकर पंथाच्या घरांत नांदली. क्वेकर म्हणजे साधा वेष, कमी बोलणे, दिखाऊपणा वर्ज्य. थॉमस स्कॅटरगुड, जन्म 1748, हा त्यांचा धर्मोपदेशक. उधळ्या सोडाच, इतका उदास असे की लोक त्याला 'शोकाकुल प्रेषित' म्हणत. इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने यॉर्क इथले क्वेकरांचे इस्पितळ पाहिले. तिथे मनोरुग्णांना साखळदंडाने न बांधता माणसासारखे वागवत. परतल्यावर त्याने फिलाडेल्फियात तसेच काढायचा आग्रह धरला. संस्था 1813 मध्ये स्थापन झाली, 1814 मध्ये तो वारला, आणि 1817 मध्ये इस्पितळ उघडले. रोमन कायद्याने उधळ्याला वेड्याच्या रांगेत बसवले होते. इथे उधळ्या नावाच्या माणसाने वेड्यांच्या बेड्या काढण्याचा ध्यास घेतला.

अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात क्वेकरांची स्कॅटरगुड नावाची शाळा आहे, 1890 पासूनची. जागतिक महामंदीत ती बंद पडली, तेव्हा रिकाम्या इमारती 1939 ते 1943 या काळात हिटलरच्या तावडीतून निसटलेल्या युरोपीय निर्वासितांना आसरा म्हणून दिल्या. व्हिएन्ना-बर्लिनची वकील, प्राध्यापक मंडळी तिथे मक्याच्या शेतांमध्ये इंग्रजी आणि मोटार चालवणे शिकली. जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकन रेडिओवर आणि पडद्यावर स्कॅटरगुड बेन्स नावाचा एक लठ्ठ, धूर्त, गोड बोलून सौदा मारणारा खेड्यातला दुकानदार गाजत होता. क्लॅरन्स बडिंग्टन केलंड या लेखकाने निर्माण केलेले हे पात्र. दमडी सोडत नाही आणि गावाचे भलेही करते. लेखकाला जुना अर्थ माहीत असो वा नसो, प्रेक्षकांना नक्कीच नव्हता. त्यांना नावात फक्त चांगुलपणा ऐकू येत होता.

या आडनावाचा एक धागा आपल्याकडेही येतो. जॉन स्कॅटरगुड, 1681 ते 1723, हा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मद्रासहून चीनपर्यंत व्यापार करणारा इंग्रज. त्याचे खासगी आणि व्यापारी कागद टिकले, आणि विसाव्या शतकात बर्नार्ड स्कॅटरगुड या त्याच आडनावाच्या अभ्यासकाने ते निवडून छापायला दिले. छापले कुठे? जेम्स बर्जेस यांनी 1872 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'इंडियन अँटिक्वेरी' या मासिकात. तेव्हा त्याचे संपादक होते सर रिचर्ड कार्नॅक टेंपल, मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर टेंपल यांचे चिरंजीव. त्या कागदांत जागोजाग हिशेब आहेत: माल, भाव, जहाजे, देणी-घेणी. 'इंडियन अँटिक्वेरी'चे जुने खंड आता इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. एखाद्या सुट्टीच्या दुपारी जरूर उघडून पाहा. नावाने उधळ्या असलेला हा गृहस्थ पैशांचा माग किती चोख ठेवत होता, ते दिसेल.